पेशींचा पाठलाग करणारा माणूस : मेचनिकॉफ

ताप आला की आपण गोळी घेतो आणि होस्टेलच्या रूमवर पडून राहतो. पण तेव्हा शरीराच्या आत जी मारामारी चालू असते, ती जगाला दाखवून दिली इल्या मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. ओडेसाला ते प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा त्यांना जगणंच नकोसं झालं होतं. त्यातून ते सावरले. १८८२ मध्ये नोकरी सोडून ते कुटुंबासह इटलीतल्या मेसिनाला गेले. तिथे घरातच मायक्रोस्कोप मांडला. स्टारफिशची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा घोळका! म्हणजे या पेशी स्वतः चालत जाऊन शत्रूला गाठतात. जंतूंना गिळणाऱ्या या पेशींना पुढे फॅगोसाइट हे नाव मिळालं.

अनेक शास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते खरी ताकद रक्तातल्या द्रवात होती. मेचनिकॉफ मागे हटले नाहीत. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत राहिले. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं, तेही द्रवाची बाजू मांडणाऱ्या पॉल एर्लिक यांच्याबरोबर! दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. १९१६ मध्ये पॅरिसला मेचनिकॉफ वारले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातले विद्यार्थी.

आज स्टारफिशच्या जागी झेब्राफिश या माशाची पारदर्शक पिल्लं आली आहेत. आता शत्रूच्या हालचालीकडेही लक्ष गेलंय. व्हिब्रिओ जातीचे जंतू फ्लॅजेलम नावाची शेपटी गरगर फिरवून पोहतात. मेकॅनिकलवाल्यांनो, तिच्या बुडाशी चक्क मोटर असते! अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं, की पोहणारे जंतू पिल्लाच्या आतड्यात टिकून राहतात आणि माशाच्या फॅगोसाइट पेशींना चेतवतात. ही मोटर बंद पाडली, की आतडं त्यांना बाहेर ढकलतं आणि पेशीही थंडावतात.

पेशी चालते हे मेचनिकॉफ यांनी पाहिलं. ती कुणामुळे खवळते, हे आता आपल्याला कळू लागलंय. साधी अळी, दोन काटे आणि सकाळपर्यंत थांबायची तयारी, एवढ्यावर सुरू झालेलं हे काम अजून संपलेलं नाही.