केशवराव भोळे : न वाजलेले संगीत

माहीमच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांचे चित्रण करून मी संकलनाला बसलो, तेव्हा आधी ढोलकीचा एक तुकडा लावला आणि थापेथापेवर दृश्ये कापत गेलो. पाच मिनिटांचा चित्रपट धावला खरा, पण होडी काही डोळ्यांत ठरेना. त्याच सुमारास ‘कुंकू’ पाहिला आणि त्याच्या संगीतकाराविषयी मिळेल ते वाचत सुटलो.

केशवराव भोळे १८९६ साली अमरावतीत जन्मले. मुंबईला आले ते डॉक्टर होण्यासाठी. नाटकांनी आणि गवयांच्या बैठकींनी तो बेत पार मोडला. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गायकांवर लिहिले. (नाव किती समर्पक!) १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ला त्यांनी संगीत दिले. संगीत नाटकात तोवर पद सुरू झाले, की कथा हात बांधून उभी राहायची आणि ‘वन्स मोअर’ संपेपर्यंत हलायची नाही. केशवरावांनी पदे मोजकी आणि आटोपशीर ठेवली. पुढे ते पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये आले. ‘अमृतमंथन’ (१९३४), मग ‘संत तुकाराम’ (१९३६). तुकारामाचा साधा अभंग आणि सालोमालोचे नखरेल गाणे ऐकताच दोन माणसांची चाल कळते; दृश्याने किती वेळ थांबायचे हेही त्या चालीतच ठरून गेलेले असते.

आणि मग १९३७ चा ‘कुंकू’! व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाहीच. जो आवाज येतो तो त्या घरातला : घड्याळाची टिकटिक, पावले, ग्रामोफोन. जरठ वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या नीराच्या घरात सारंगी रडली असती, तर आपण दोन अश्रू ढाळून मोकळे झालो असतो. इथे ती सुटका नाही. पार्श्वसंगीत असले, की दृश्य समेवर तोडता येते, जोड झाकला जातो. ते नसले, की पात्राच्या श्वासावर मोजावे लागते. ज्याचा पेशाच संगीत देण्याचा, त्याने एवढी जागा मोकळी सोडायची! मला केशवरावांचा कान त्यांच्या चालींइतकाच या शांततेत जाणवतो. शांता आपटे यांनी म्हटलेली लाँगफेलोची इंग्रजी कविता तर त्या घरात खिडकी उघडावी तशी येते.

केशवराव १९७७ साली गेले.

मी ढोलकी काढून टाकली. लाटा, दोरखंडाची करकर, इंजिनाची फटफट ठेवली. पाचाची नऊ मिनिटे झाली. मित्रांना ती संथ वाटतात. होडी किनाऱ्याला लागते तिथे मात्र एक थाप अजून आहे. ती काढायला हात धजत नाही.