एका डॉलरचे घड्याळ

जोशुआ स्लोकम याचा जन्म १८४४ साली, आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. लहानपणापासून त्याला समुद्राची अनिवार ओढ होती. कोवळ्या वयातच तो जहाजावर चाकरीस लागला आणि अंगच्या कर्तबगारीने कप्तान झाला. परंतु पुढे आगबोटींचे युग आले आणि शिडाच्या जहाजांना कोणी विचारीनासे झाले. उतारवयाकडे झुकलेला हा दर्यावर्दी निरुद्योगी झाला.

१८९२ साली एका स्नेह्याने त्याला एक जुनी, मोडकळीस आलेली नौका दिली. ती समुद्रात नव्हे, तर एका शेतात उभी होती! स्लोकमने तेरा महिने खपून स्वतःच्या हातांनी ती नव्याने बांधली. तिचे नाव 'स्प्रे'. लांबी अवघी ३६ फूट ९ इंच. तीच त्याचे घर झाली. २४ एप्रिल १८९५ रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरातून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला.

परंतु एक मोठीच अडचण होती. भर समुद्रात आपण किती रेखांशावर आहोत हे कळण्यास अचूक वेळ दाखवणारे घड्याळ लागते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून घड्याळ एक मिनिट चुकले, तर विषुववृत्तावर जागेचा अंदाज सुमारे २८ किलोमीटरांनी चुकतो. स्लोकमचे जुने कालमापक घड्याळ नादुरुस्त होते. दुरुस्तीस १५ डॉलर पडणार होते आणि तेवढा पैसा त्याच्यापाशी नव्हता. त्याने ते घरीच ठेवले आणि वाटेत यार्मथ बंदरात एक पत्र्याचे घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर होती. पण तबकडी फुटलेली असल्यामुळे दुकानदाराने ते एका डॉलरला दिले.

अशा घड्याळावर कोण विसंबणार? स्लोकमचा भरवसा होता तो आपल्या विद्येवर. नौकेचा वेग आणि दिशा यांवरून तो रोज आपल्या जागेचा हिशेब करी. १८९६ साली पॅसिफिक महासागरात, जमीन सोडून ४३ दिवस झाले असता, त्याने सूर्य व चंद्र यांच्यामधील कोन मोजून तो हिशेब पडताळून पाहिला. उत्तर शेकडो मैलांनी निराळे आले! त्याने पुन्हा काळजीपूर्वक मोजणी केली, उत्तर तेच. दुसरा कोणी असता तर गोंधळून गेला असता. स्लोकमने मात्र छापील कोष्टके तपासावयास घेतली, तो चूक कोष्टकातच सापडली. ती सुधारताच दोन्ही उत्तरांत पाच मैलांचाही फरक उरला नाही. मार्क्वेसस बेटांचे डोंगर त्याला अपेक्षित ठिकाणीच दिसले.

पुढे त्या घड्याळाचा मिनिटकाटाही नाहीसा झाला आणि ते बंद पडू लागले. स्लोकमने ते चक्क पाण्यात उकळून काढले! त्यानंतर ते तासांपुरती वेळ दाखवू लागले. त्याला तेवढे पुरेसे होते. सेंट हेलेना बेटावर कोणी त्याला एक बकरी भेट दिली. तिने वेस्ट इंडीज बेटांचा नकाशाच खाऊन टाकला. स्लोकमने पुढच्याच बेटावर बकरीला उतरवले आणि नकाशावाचून पुढचा मार्ग कापला.

२७ जून १८९८ रोजी 'स्प्रे' न्यूपोर्ट बंदरात परतली. सुमारे ४६,००० मैलांचा हा प्रवास तीन वर्षे दोन महिने चालला होता. एकट्याने नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा स्लोकम हा पहिला मानव ठरला. साधने अपुरी पडली, बिघडली, नाहीशी झाली. परंतु आयुष्यभर मिळवलेले ज्ञान आणि शांत चित्त यांनी त्याची साथ सोडली नाही.