गणिताचे गुरू भास्कराचार्य

उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात, हे तुम्हांला सांगायला नको. संस्कृत डावीकडून उजवीकडे लिहितात. पण जुने गणिती श्लोकात एखादी मोठी संख्या सांगायची झाली, की आधी एककाचा अंक सांगत, मग दशकाचा, मग शतकाचा. ऐकणारा उजवीकडून डावीकडे अंक मांडत जाई. शिवाय अंकांऐवजी ते वस्तूंची नावे घेत. चवी सहा, म्हणून रस म्हणजे सहा. गुण तीन, म्हणून गुण म्हणजे तीन. पृथ्वी एकच, म्हणून पृथ्वी म्हणजे एक. अशाच रीतीने एका गणितज्ञाने आपले जन्मवर्ष सांगून ठेवले आहे. सहा, तीन, शून्य, एक. उजवीकडून मांडा, १०३६ मिळतात. हे शालिवाहन शकाचे वर्ष आहे. त्यात ७८ मिळवले, की इसवी सन १११४ येते.

हे गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य.

त्यांनी आपले गावही सांगितले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे ते गाव. आज या नावाचे गाव नकाशावर नाही, त्यामुळे विद्वानांत मोठा वाद आहे. कोणी म्हणतात, हे आपले बीड. नावात 'वीड' आहेच, आणि बीडजवळची बालाघाटची डोंगररांग ही सह्याद्रीचीच एक शाखा आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीदर. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण हेच ते गाव, असेही पुष्कळांचे मत आहे. पाटणच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. त्याची हकीकत पुढे येईल. बीडच्या लोकांना मात्र भास्कराचार्य आपलेच वाटतात, आणि त्यांना तसे वाटू द्यायला काही हरकत नाही.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे मोठे पंडित होते. वडील हेच त्यांचे गुरू. त्या काळी छापलेली पुस्तके नव्हती. लाकडी पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अंक लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. म्हणून त्या गणिताला पाटीगणित म्हणत. नियम श्लोकात असत आणि विद्यार्थी ते पाठ करत. आज आपण पाठांतराला नावे ठेवतो. पण पोथी मिळणेच जिथे कठीण, तिथे पाठ केलेला श्लोक हीच विद्यार्थ्याची वही होती. अडचण वेगळीच होती. श्लोक पाठ झाला, की गणित आले, असे पुष्कळांना वाटे. नियम का खरा, हे विचारायची गरज कोणाला भासत नसे.

भास्कराचार्यांना ही गोष्ट पसंत नव्हती.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शेवटचे दोन भाग ग्रह, तारे व पृथ्वी यांविषयी आहेत. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग लीलावती. तो नवशिक्यांसाठी आहे. भास्कराचार्यांनीही नियम श्लोकातच सांगितले. पण नियम सांगून ते थांबत नाहीत; लगेच उदाहरण देतात. आणि ती उदाहरणे काय सुंदर आहेत! भुंगे, कमळे, हंस, मोर, साप, केशर विकणारा व्यापारी, व्याजाने पैसे देणारा सावकार, सारे त्यांत येतात.

एक उदाहरण आपल्या शब्दांत पाहू. भुंग्यांचा एक थवा होता. त्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला. तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर गेला. या दोन भागांत जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलावर गेले. एक भुंगा उरला. तो दोन फुलांच्या वासाने वेडा होऊन आकाशातच इकडून तिकडे फिरत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

हे सोडवण्यासाठी क्ष मांडायचीही गरज नाही. लीलावतीत 'इष्टकर्म' नावाची रीत आहे. कोणतीही सोयीची संख्या मनात धरा. समजा, ६०. तिचा पाचवा भाग १२, तिसरा भाग २०, फरक ८, त्याची तिप्पट २४. सारे मिळून ५६ झाले. उरले ४. पण उदाहरणात तर एकच भुंगा उरला आहे, म्हणजे आपली संख्या चौपट मोठी झाली. ६० चा चौथा भाग १५. थव्यात भुंगे १५. चुकीच्या उत्तरापासून सुरुवात करून बरोबर उत्तराला पोहोचण्याची ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. पण ती इतक्या गोडीने क्वचितच कोणी शिकवली असेल.

त्रैराशिकावर त्यांचा फार जीव. देव जसा साऱ्या जगात भरलेला आहे, तसे त्रैराशिक साऱ्या अंकगणितात भरलेले आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला मिळते, तर नऊ निष्कांना किती, असे ते विचारतात. पल हे वजन आणि निष्क हे नाणे. उत्तर साडेबावन्न पल. पडताळून पाहा.

बीजगणितात न समजलेल्या संख्येसाठी त्यांनी अक्षरे वापरली. ती रंगांची होती. काळ्यासाठी 'का', निळ्यासाठी 'नी', पिवळ्यासाठी 'पी'. पण त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला. अक्षरे म्हणजे बीजगणित नव्हे. स्वच्छ बुद्धी हेच खरे बीजगणित. अक्षरे ही मंद बुद्धीच्या माणसाला हात देण्यासाठी आहेत. आज वर्गात क्ष आणि य यांचे डोंगर रचणाऱ्या आपल्या शिक्षकांनी ही ओळ वाचली, तर त्यांना काय वाटेल कोण जाणे!

नियमाचे कारण दाखवण्याला संस्कृतात 'उपपत्ती' म्हणतात. ज्याला उपपत्ती येत नाही, त्याला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही जात नाही, असे भास्कराचार्यांचे मत होते. यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्यांचे सोडा, उत्तर बरोबर आले तरी आपल्यालाच खात्री नसते, हा अनुभव कोणाला नाही? 'सिद्धान्तशिरोमणी'वर त्यांनी स्वतःच गद्यात भाष्य लिहिले आणि त्यात कारणे दिली. उपपत्ती दोन प्रकारची असते, हेही त्यांनी सांगितले. एक आकृती काढून दाखवायची, दुसरी संख्यांनी. ज्याला आकृतीने समजत नाही, त्याला संख्यांनी समजवावे. विद्यार्थी एकाच साच्याचे नसतात, हे त्यांना चांगले माहीत होते.

चुकीच्या गणिताची त्यांना मोठी चीड होती. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून कोणी क्षेत्रफळ विचारले, तर ते सांगता येत नाही. कारण त्याच चार बाजूंचे कितीतरी वेगवेगळे चौकोन होतात. कर्ण सांगायला हवा. कर्ण न सांगता असा प्रश्न विचारणाऱ्याला भास्कराचार्य पिशाच्च म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच्च! दुसऱ्या एका ठिकाणी ते ३, ६ आणि ९ या बाजूंच्या त्रिकोणाविषयी बोलतात. असा त्रिकोण होऊच शकत नाही. कोणी हट्टाने होतो म्हणाला, तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या जमिनीवर ठेवून दाखवा, असे ते सांगतात. वाद घालू नका, काड्या ठेवा.

त्यांच्या सुमारे चारशे वर्षे आधी लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. लल्लांनी गोलाच्या पृष्ठफळाचा नियम दिला होता, तो चुकीचा होता. मोठ्या आचार्यांची चूक दाखवायची, म्हणजे धाडस हवे. भास्कराचार्यांनी ती चूक स्पष्ट सांगितली. गोलाच्या पृष्ठभागाच्या आवळ्यावरच्या रेषांसारख्या फाका पाडायच्या आणि त्यांची फळे मोजायची, अशी उपपत्ती त्यांनी दिली. लीलावतीत हाच नियम मुलांसाठी त्यांनी किती सोपा करून सांगितला, ते पाहा. चेंडूवर जाळे घट्ट बसवले आहे, असे समजा. जाळ्याचे क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते. आजही नियम हाच आहे.

त्यांचे सगळेच बरोबर होते, असे मात्र नाही. शून्याने भागण्याविषयी त्यांनी केलेले काही विचार आजच्या गणिताला मान्य नाहीत. लल्लांना जी कसोटी त्यांनी लावली, तीच त्यांनाही लावायला हवी.

आता लीलावती कोण? ग्रंथात ते कधी लीलावती नावाच्या मुलीला प्रश्न विचारतात, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. ती त्यांची मुलगी होती, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिच्या लग्नाची शुभवेळ मोजण्यासाठी पाण्यात भोक असलेली वाटी सोडली होती. लीलावती वाकून पाहू लागली आणि तिच्या कपड्यातला एक मोती वाटीत पडला. भोक बुजले, वेळ टळून गेली. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहून तिचे नाव अमर केले. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेच नाही. ती आपल्याला मिळते फारसीतून. बादशहा अकबराच्या सांगण्यावरून कवी फैजी यांनी १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आहे. फैजींनी भास्कराचार्यांचे गाव बीदर असे दिले आहे.

फैजींचे भाऊ अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त शाळांविषयीचे नियम नोंदवले आहेत. मुलांनी हिशेब, मोजणी आणि भूमिती शिकावी. मुलाने प्रत्येक गोष्ट स्वतः समजून घ्यावी, शिक्षकाने थोडीशीच मदत करावी, असे त्यांत म्हटले आहे. चारशे वर्षांनंतरही शिक्षक याच प्रश्नावर भांडत आहेत!

पुढे १६३४ च्या सुमारास शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी बीजगणिताचाही फारसी अनुवाद केला. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरींचे हे चिरंजीव. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा यांनीच बांधला, असे मानतात. म्हणजे मराठवाड्याची ही देखणी इमारत उभी करणाऱ्या माणसाला भास्कराचार्यांचे बीजगणित येत होते. १८१६ साली मुंबईत लीलावतीचे इंग्रजी भाषांतरही छापले गेले.

मूळ लीलावतीत नियमांच्या उपपत्ती फारशा नाहीत. ती उणीव कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली भरून काढली. त्यांनी लीलावतीवर टीका लिहून नियमांची कारणे दिली. नियम आधी की कारण आधी, हा वाद असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टबरोबर 'साठ तीन' असेही वाचायला दिले, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. कोणाला ते सोपे वाटले, कोणाला भाषेचे नुकसान वाटले. उर्दूतही उनासी कोणते आणि नवासी कोणते, यात लहान मुले अडखळतातच.

भास्कराचार्य म्हातारपणीही लिहीत राहिले. ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. पंचांगासाठी लागणारे ग्रहांचे गणित सोपे व थोडक्यात करण्याच्या रीती त्यात आहेत. भारताने १९७९ आणि १९८१ साली अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला देवगिरीचे यादव राजे जैत्रपाल यांनी आपल्या दरबारात नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे एक मठ काढला. हीच ती मघाशी सांगितलेली हकीकत. १२०७ साली त्या मठाला दान मिळाले. त्याचा शिलालेख पाटणच्या देवीच्या मंदिरात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आपल्याला त्यातूनच मिळते. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारा कर या मठाला द्यावा, असे त्यात कोरले आहे.