ओरी मिलर

ओरी ओटिस मिलर (७ जुलै १८९२ – १० जानेवारी १९७७) हे अमेरिकेतील मेनोनाइट कार्यकर्ते व मदतकार्याचे संघटक होते. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्या तरुणांसाठी जी पर्यायी सेवा उभी राहिली, तिच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म इंडियाना राज्यातील मिडलबरीजवळ झाला. वडील पंथाचे बिशप होते. सोळाव्या शतकात युरोपात उदयास आलेला मेनोनाइट पंथ युद्धातील सहभाग ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध मानतो. गोशेन कॉलेजातील शिक्षण संपवून १९१५मध्ये मिलर यांनी एल्टा वुल्फ यांच्याशी विवाह केला आणि पेनसिल्व्हेनियातील ॲक्रन येथे सासरच्या बुटांच्या व्यवसायात ते रुजू झाले.

१९२०मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली. दक्षिण रशियातील उपासमारग्रस्त पंथबांधवांच्या मदतीसाठी निघालेल्या तिच्या पहिल्या तिघांत मिलर होते. सोबतचे क्लेटन क्रॅट्झ यांना हाल्बश्टाट गावी ठेवून ते पुरवठ्याच्या व्यवस्थेसाठी परतले. तो भाग लाल सैन्याच्या ताब्यात गेल्यावर क्रॅट्झ यांना अटक झाली. ते पुन्हा कोणास दिसले नाहीत.

== पर्यायी सेवा ==
पहिल्या महायुद्धात युद्धविरोधकांना लष्करी छावण्यांतच पाठविले जाई. गणवेश नाकारणाऱ्या अनेकांना तुरुंगवास घडला. मेनोनाइटांशी नाते सांगणाऱ्या हटराइट पंथाचे जोसेफ व मायकेल हे हॉफर बंधू १९१८मध्ये लेव्हनवर्थ येथे बंदिवासात मरण पावले. १९३५पासून कमिटीचे कार्यकारी सचिव असलेल्या मिलर यांच्या पिढीपुढे हा अनुभव ताजा होता. १९४०च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या नागरी कामाची मुभा दिली, तेव्हा मेनोनाइट, क्वेकर व ब्रदरन या शांततावादी पंथांनी शासनाशी बोलणी करण्यासाठी संयुक्त मंडळ नेमले. मिलर त्याचे उपाध्यक्ष झाले.

तडजोड मात्र महागात पडली. सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस नावाच्या या योजनेत तरुणांना शासन वेतन देत नसे, त्यांच्या कुटुंबांनाही काही मिळत नसे. छावण्यांतील जेवणखाण व देखभालीचा मोठा भार पंथांनीच उचलावा, असे ठरले. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे १२,००० पुरुषांनी तेथे काम केले. त्यांतील सर्वांत मोठा गट मेनोनाइटांचा होता. मृदासंधारण, वनीकरण, जंगलातील वणवे विझविणे ही कामे होतीच. काही जण तर विमानातून हवाई छत्रीने वणव्याजवळ उतरत. मनोरुग्णालयांतील सेवा सर्वांत कठीण ठरली. तेथील गर्दी व हाल पाहिलेल्यांमुळेच पुढे मेनोनाइटांची स्वतःची मानसिक आरोग्य केंद्रे निघाली.

बिनवेतन कामाला काहींनी वेठबिगार म्हटले, ते अगदीच गैर नव्हते. क्वेकर सेवासमितीने १९४६मध्ये अंग काढून घेतले. मेनोनाइट अखेरपर्यंत टिकले. मात्र सर्वच मेनोनाइट तरुणांनी हा मार्ग धरला असे नाही. भरतीची सूचना आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के सरळ सैन्यात गेले. ही गोष्ट पंथाच्या वडीलधाऱ्यांना तुरुंगाच्या आठवणींइतकीच सलत राहिली.

मिलर १९५८मध्ये सचिवपदावरून निवृत्त झाले.