सायकलपटू फाउस्तो कोप्पी

नीरा डाव्या कालव्याच्या बाजूने, उसाच्या फडांमधून सायकलीवर शाळेस येणारी मुले भवानीनगरच्या परिसरात नित्य दृष्टीस पडतात. अशाच साध्या सायकलीवरून घरोघर माल पोहोचविणारा एक शेतकऱ्याचा मुलगा पुढे जगज्जेता झाला. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फाउस्तो कोप्पी याचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी इटलीतील कास्तेल्लानिया या डोंगरी खेड्यात झाला. लहानपणीच शाळा सोडून तो नोव्ही लिगुरे गावी एका खाटकाच्या दुकानात नोकरीस राहिला. तेथे त्यास ब्याजो काव्हान्ना हा अंध मालिशवाला गुरू लाभला. नुसत्या हाताच्या स्पर्शाने स्नायूंची पारख करणाऱ्या या गुरूने कृश कोप्पीस आहार, विश्रांती व सराव यांची कडक शिस्त लावली.

१९४० साली इटलीच्या प्रदक्षिणेच्या शर्यतीत कोप्पी हा विख्यात जिनो बार्ताली याचा साहाय्यक म्हणून उतरला आणि अवघ्या विसाव्या वर्षी स्वतःच विजयी झाला. १९४२ साली मिलान येथे त्याने एका तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. हा विक्रम १९५६ पर्यंत अबाधित होता. पुढल्याच वर्षी मात्र तो ट्युनिशियात युद्धकैदी झाला. ऐन उमेदीची वर्षे अशी युद्धात गेली, तथापि त्याने धीर सोडला नाही.

१० जून १९४९ रोजी कुनेओ ते पिनेरोलो या मार्गावर आल्प्स पर्वतातील पाच घाट ओलांडीत त्याने १९२ किलोमीटर एकट्याने आघाडी राखली. दुसरा आलेला बार्ताली जवळजवळ बारा मिनिटे मागे होता. त्याच वर्षी इटली व फ्रान्स या दोन्ही प्रदक्षिणा जिंकणारा तो पहिला वीर ठरला. इटलीची प्रदक्षिणा त्याने एकंदर पाच वेळा, फ्रान्सची दोन वेळा जिंकली. १९५३ साली तो जगज्जेताही झाला.

कोप्पी व बार्ताली यांच्या स्पर्धेने इटलीत दोन पक्ष पडले. तरी १९५२ साली आल्प्सच्या चढणीवर या दोघांनी पाण्याची बाटली एकमेकांस दिल्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. बाटली कोणी कोणास दिली, हा वाद आजही मिटलेला नाही. आमच्या मते तो मिटण्याची आवश्यकताही नाही.

१९५९ च्या अखेरीस कोप्पी आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा देशी गेला. परत आल्यावर त्यास ताप चढला. सोबतचा राफाएल जेमिनियानी हाही आजारी पडला. परंतु त्याचा हिवताप फ्रान्समधील वैद्यांनी वेळीच ओळखला आणि क्विनीनने तो वाचला. कोप्पीचा रोग ओळखला गेला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

ज्यास पर्वत अडवू शकले नाहीत, त्यास एका डासाने गाठले. कालव्याच्या मुलुखात राहणाऱ्या आपणांस हा बोध दुर्लक्षून चालणार नाही. बळ कितीही असो, अंध गुरूचा हात, प्रतिस्पर्ध्याचे पाणी आणि वैद्याचे वेळेवरचे ज्ञान यांवाचून कोणीही एकटा तरत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.