राजर्षी शाहू आणि वतनाचा कायदा

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव निघाले की आरक्षण, वसतिगृहे आणि राधानगरीचे धरण आठवते. महसूल व वतनाच्या कायद्यात त्यांनी घडविलेला पालट मात्र तुलनेने कमी सांगितला जातो.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला. १८७९ मध्ये जमीन महसुलाचे विखुरलेले नियम एका संहितेत गोळा झाले. वतनाची चौकट मात्र कायम राहिली.

१८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे वंशपरंपरेने असे. शेतसाऱ्याची नोंद, बाकी आणि पावती त्याच्या लेखणीवर अवलंबून असल्याने निरक्षर रयतेला दाद मागणे अवघड होते. महार वतनदारांची स्थिती याहून बिकट होती. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाला चावडीची कामे, सरकारी भरण्याची राखण आणि अधिकाऱ्यांची सरबराई करावी लागे.

१९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. वतनदारांनी कडाडून विरोध केला. महाराज डगमगले नाहीत. त्याच वर्षी महार वतनेही रद्द झाली. जमिनी रयतावा करून त्यांच्या नावावर लागल्या. इतर शेतकऱ्यांप्रमाणे सारा भरायचा, पण कुणाची वेठ करायची नाही, असा त्याचा अर्थ होता. सारा भरणारा खातेदार होणे, हीच येथे मुक्ती ठरली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संस्थानाबाहेर मात्र १८७४ चा कायदा चालूच होता. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने संपली. पुढे मुंबई, मध्य प्रदेश व हैदराबाद येथून आलेले महसूल कायदे एकत्र करून १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता तयार झाली.

कायदे एकत्र करणे हे लेखणीचे काम असते. त्यातला अन्याय वगळण्यास राज्यकर्त्याची हिंमत लागते. कोल्हापुरात १९१८ मध्ये घडले, त्यासाठी उरलेल्या इलाख्याला चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.