हात घडविणारा सुश्रुत

अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. उल्हासनगर ते बदलापूर हा पट्टा कारखान्यांचा. यंत्रात तुटलेले कामगाराचे बोट पुन्हा जोडावयाचे तर सूक्ष्मशस्त्रक्रिया हवी. तीसाठी सूक्ष्मदर्शक विकत आणता येईल, त्रिमिती पडदाही आणता येईल. पण ते वापरणारे हात कोठून आणणार? हा प्रश्न ज्याने फार पूर्वी ओळखला, त्या सुश्रुताचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

सुश्रुताच्या आयुष्याविषयी निश्चित माहिती थोडी आहे. त्याचा काळ विवाद्य आहे. परंपरा त्यास विश्वामित्राचा पुत्र मानते आणि काशिराज दिवोदास धन्वंतरीचा शिष्य म्हणून ओळखते. त्याच्या नावाच्या संहितेवर पुढे इतरांचाही हात फिरला. तथापि, तीतून उभा राहतो तो एक कठोर शिक्षक.

त्याने १०१ यंत्रे सांगितली आणि त्या सर्वांत हातालाच प्रधान मानले. शास्त्र मुखोद्गत असूनही ज्याने सराव केला नाही, तो शिष्य त्याच्या लेखी अपात्रच. छेदन शिकावयाचे ते कोहळ्या-भोपळ्यावर, शिरावेध कमळाच्या देठावर, टाके जाड्या-पातळ कापडावर आणि पट्टी बांधणे मनुष्याकृती बाहुल्यावर. शरीररचना डोळ्यांनी पाहता यावी म्हणून शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून मग कुंचल्याने त्याचा एकेक थर उलगडावयाचा. मोतीबिंदूसाठी डाव्या डोळ्यावर उजवा हात आणि उजव्या डोळ्यावर डावा हात चालला पाहिजे, असा त्याचा दंडक होता.

१९२१ साली स्टॉकहोममध्ये कार्ल नीलेनने कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. १९६० साली अमेरिकेत ज्युलियस जेकबसनने त्याखाली बारीक रक्तवाहिन्या सांधल्या. भिंगाने दृष्टी वाढली, तशी हाताची थरथरही मोठी दिसू लागली. नजर पडद्यावर, हात खाली आणि धागा केसाहून बारीक! म्हणूनच आजचा विद्यार्थीही आधी सिलिकॉनच्या नळीवर आणि कोंबडीच्या मांडीतील रक्तवाहिनीवर टाके घालतो. कोहळा गेला, तत्त्व राहिले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, कौशल्यावाचून यंत्र म्हणजे निपचित पडलेले भांडवल होय. यंत्राची किंमत अंदाजपत्रकात ठळक दिसते. शिक्षकाचा वेळ आणि सरावाचे तास मात्र सहज कात्रीत सापडतात. अंबरनाथमध्ये यंत्राच्या खरेदीबरोबरच सरावशाळेचीही तरतूद झाली, तरच त्या भांडवलाचे चीज होईल. ती न झाल्यास किंमत मोजावी लागेल ती कामगाराच्या बोटाने.